पर्सेंटाइलकाका

ज्याच्या घरात दहावीचं मूल आहे, त्याला पर्सेंटाइलकाका शोधावे लागत नाहीत. तेच त्याला गाठतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, इतकंच काय, दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघता बघतासुद्धा त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलेलं आहे, “मग, जेईई की सीईटी?”

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. स्वतः त्यांनी एकही प्रवेश परीक्षा दिलेली नाही. त्यांच्या वेळी बारावीच्या मार्कांवर भागायचं. ती हौस ते आता लोकांच्या पोरांवर भागवून घेतात.

ज्ञान मात्र पक्कं. “हे बघा, सीईटीला १५० प्रश्न, २०० मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीला एकेक, गणिताला दोन-दोन. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही! डोळे मिटून ‘सी’ मारा, पण मारा.” मग आवाज खाली येतो. “जेईई मेनचं तसं नाही. ७५ प्रश्न, ३०० मार्क. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. येत नसेल तिथे नमस्कार करून पुढे जायचं.” सीईटीला धीट मूल पाठवावं आणि जेईईला भित्रं, असा त्यांचा एक सिद्धांतही आहे.

एकदा एक आई उत्साहाने म्हणाली, “आमच्याला ९२ पडले!” काका म्हणाले, “ते पर्सेंटाइल, वहिनी. म्हणजे शंभरातली ९२ मुलं तुमच्या मागे. प्रश्न पुढच्या आठांचा आहे. आणि त्या आठांनाही कॉम्प्युटरच हवंय.”

“पण नेमकी कुठली द्यायची?” असं विचारलं की काका खुर्ची पुढे ओढतात. सीओईपी, व्हीजेटीआय हवं असेल तर सीईटी. आयआयटी हवं असेल तर जेईई मेन, मग अ‍ॅडव्हान्स्ड. पण राज्यातल्या बऱ्याच खासगी कॉलेजांत अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा असतात आणि तिथे जेईईचा स्कोअर आधी बघतात, तेव्हा सीईटीवाल्यानेही जेईई द्यावी. जेईईत घसरलं तर हाताशी काही हवं, तेव्हा जेईईवाल्यानेही सीईटी द्यावी. एक परीक्षा ठरवायला गेलेला बाप दोन्हींचे फॉर्म भरून, वर बिटसॅटचाही भरून घरी येतो. यात काकांचा दोष थोडाच. एकाच परीक्षेवर मुलाला सोडायची छाती आज कुणाची होत नाही, आणि फी दर फॉर्मला वेगळी.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने मात्र निसटून बघितलं होतं. “काका, मला चित्रकला करायचीय.”

काका गप्प झाले. तिच्या आईला वाटलं, सुटलो.

“छान! एएसी सीईटी. ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, शिवाय जनरल नॉलेज.”

“मग लॉ?”

“पाच वर्षांच्या लॉची सीईटी.”

“हॉटेल मॅनेजमेंट?”

“आहे ना!”

“बीबीए?”

काकांचा चेहरा उतरला. बीबीएला तेव्हा सीईटी नव्हती. २०२४ पासून राज्यात तीही सुरू झाली, बीसीए आणि बीएमएससकट. त्या दिवशी काकांनी सोसायटीत पेढे वाटले.