टँगो मेला, मिलोंगेरो हजर

टँगो १९५५ सालच्या सुमारासच संपला, असं टँगो नाचण्यात मुरलेल्या मिलोंगेरोंचं ठाम मत आहे. त्यानंतर चाललंय ते निव्वळ वर्षश्राद्ध. फक्त या श्राद्धाला ते दर शनिवारी जातात, आणि तेही बुटांना दोनदा पॉलिश मारून.

ब्यूनोस आयरेसमध्ये मिलोंगा, म्हणजे टँगो नाचायची बैठक, कधी दिमाखदार हॉलमध्ये भरते, तर कधी विया उर्किसातल्या सन्डरलँड क्लबाच्या बास्केटबॉल कोर्टवर. मिलोंगेरोंना जागेचं कौतुक नाही, टेबलाचं आहे. कडेचं ते टेबल त्यांचं. चुकून कुणी पाहुणा तिथे बसला, तर ते काही बोलत नाहीत. नुसते शेजारी उभे राहतात. पाहुणा उठतो.

आज वाद्यवृंद समोर बसून वाजवणार आहे. बांदोनेऑनवाल्यांनी भाते उघडले की मिलोंगेरो खिशातून चष्मा काढतात. "बटण तेच, उघडताना एक सूर, मिटताना दुसरा! आणि हा पोरगा कागद बघून वाजवतोय." जुना वाद्यवृंदप्रमुख दारिएन्सो याच्या ढंगातलं वाजलं, तर "दारिएन्सो पळवायचा, हे पळून जातात." दुसरा वाद्यवृंदप्रमुख पुग्लिएसे याच्या ढंगातलं वाजलं, तर "पुग्लिएसे थांबायचा, हे अडकतात." टेबलाखाली उजवा पाय मात्र एकही ठेका सोडत नाही.

मग चष्मा खिशात जातो, कारण निमंत्रणाची वेळ होते. इथे टेबलाशी जाऊन विचारणं गावंढळपणाचं. लांबूनच नजर भिडवायची, मान किंचित हलवायची. बाईंनीही हलवली तर जमलं, नजर वळवली तर गुपचूप मिटलं. पद्धत सभ्य आहे, फक्त डोळे शाबूत हवेत. चष्मा लावून मान हलवणं मिलोंगेरोंच्या शानीत बसत नाही. त्यामुळे भलत्याच बाई उठतात, आणि मग त्यांच्याबरोबर तांदा, म्हणजे सलग तीन-चार गाण्यांची फेरी, पुरी करावी लागते. ती संपायच्या आत 'ग्रासियास' म्हणणं म्हणजे तोंडावर अपमान. कुणीच उठलं नाही, तर ते त्याच चालीनं सरळ पुढे जाऊन सोडा मागवतात.

नाचतात मात्र देखणे. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या त्या गर्दीत पावलं छोटी, धक्का कुणालाच नाही. एखादा तरुण पाय उडवू लागला की पुटपुटतात, "कोर्ट विकत घेतलंय वाटतं!"

शेवटी 'ला कुंपार्सिता' वाजते आणि मंडळी पांगू लागतात. हे गाणं माँतेविदेओच्या एका विद्यार्थ्यानं रचलेलं, म्हणजे उरुग्वेचं. हा विषय मिलोंगेरोंपुढे काढू नये. काढलात, तर ते तुम्हाला चक्क स्वतःच्या टेबलाशी बसवून घेतील आणि खुर्च्या उलट्या टाकेपर्यंत पटवत राहतील की पोरगा तिकडचा असला, तरी त्या गाण्याला आकार दिला तो अर्जेंटिनाच्या रोबेर्तो फिर्पोनं. यात तथ्यही आहे. कॉफीचं बिल अर्थात उरुग्वेच्या बाजूनं भरायचं.