शून्याची रेषा बघा

दसऱ्या-दिवाळीच्या रजा मंजूर झाल्या की बेंगळुरूत जयनगरपासून व्हाइटफील्डपर्यंत माळ्यावरच्या सॅक खाली येतात. डेहराडूनचं तिकीट, पुढे केदारकंठा किंवा एखादी खिंड, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: बर्फ मिळेल का? फोन पायथ्याच्या गावाचं तापमान दाखवतो आणि शेजारी पांढरं चिन्ह. त्या चिन्हाच्या भरवशावर डोंगर चढू नका.

ऑक्टोबरात हिमालयावर बर्फ आणतो तो पश्चिमी झंझावात. तो येणार हे हवामान खातं तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी सांगतं. अवघड असते ती उंची. किलोमीटरभर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पहाटे नंदी हिल्सला पोचताच स्वेटर चढवावा लागतो तो याचमुळे. आता केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्रीचा हिशेब करा. १,९५० मीटरवरच्या या गावात १३ अंश असतील, तर शून्य अंशाची रेषा ३,९५० मीटरच्या आसपास. केदारकंठाचा माथा ३,८०० मीटरचा, तिथे ओला, घसरडा बर्फ. खालच्या तळावर नुसता पाऊस. मागून थंड हवा घुसली आणि सांक्रीत ६ अंश झाले, की तीच रेषा २,९०० च्या खाली येते. बर्फ तर तिच्याही दोन-तीनशे मीटर खालपर्यंत पोचतो, कारण पडता पडता वितळायला त्याला वेळ लागतो. १० मिलिमीटर पावसाचा साधारण १० सेंटिमीटर बर्फ होतो, हवा कडक गार असेल तर पंधराही. काल चिखल होता तिथे आज तंबू दबतो.

हे नुसतं गणित नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला, १८९७ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. रेड अलर्ट आधीच दिलेला होता. त्याच झंझावातात लमखागा खिंडीकडे गेलेले अनेक ट्रेकर बर्फात सापडून मेले. खाली पूर, वर हिमवादळ.

आणि झंझावात सरला म्हणजे सुटलो, हा समज तर फारच घातक. आकाश निळं होतं, फोटो सुंदर येतात, रात्री पारा कोसळतो. वारा ताजा बर्फ उचलून उताराच्या आडोशाला रचतो, आणि हिमस्खलनाचा धोका पहिले एक-दोन दिवस सर्वांत जास्त असतो. नेमक्या त्याच सकाळी गट निघतात, कारण परतीचं विमान ठरलेलं असतं.

बेंगळुरूला तरी हे नव्याने सांगायला लागू नये. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्याच सहस्त्रतालच्या वाटेवर, सुमारे ४,४०० मीटरच्या टापूत, २२ जणांचा गट हिमवादळात अडकला. बहुतेक ट्रेकर कर्नाटकातले होते. नऊ जण गेले. तो जून होता. ऑक्टोबरात रात्र मोठी आणि उन्हाची ऊब कमी.

म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचं पत्रक वाचा. त्यात अमुक मीटरच्या वर हिमवृष्टी, असं उंचीसकट लिहिलेलं असतं. तो आकडा आपल्या तळाच्या आणि खिंडीच्या उंचीशी ताडून बघा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचं हिमस्खलन पत्रकही बघा. राखीव दिवस किती ठेवलेत आणि परत फिरायचा निर्णय कोण घेणार, हे आयोजकाला आजच विचारा. दोन्हींचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.