नकाराचे दोन गुण

दर गुरुवारी दुपारी आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात संशोधनाचा सेमिनार असतो आणि संख्याशास्त्राचा मास्तर म्हणून मला तिथे पुरोहितासारखं बोलावतात. मंत्र कोणाला कळत नाहीत, पण त्यांच्यावाचून कार्य पार पडत नाही. प्रबंधाच्या काळजीने सुकलेली एखादी रेसिडेंट जिन्यातच गाठते. ‘‘सर, पी व्हॅल्यू ०.०६ आलीय. काही करता येईल का?’’ पी व्हॅल्यू ०.०५च्या आत आली तरच निकाल लक्षणीय धरायचा, ही वेस संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या पुस्तकात, सोयीची म्हणून सुचवली. तेव्हा ते रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात होते. पिकांच्या वाफ्यांवर जोपासलेला हा हिशेब पुढे माणसांच्या दुःखाला लागेल, हे त्यांच्या गावीही नसेल. आणि मेलबर्नजवळच्या रुग्णालयात, वापरात नसलेल्या कोठीघरात गिनीपिगांवर प्रयोग करणारे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड आमच्या गुरुवारी आले असते तर? १९४९ साली त्यांनी लिथियमचा गुण सांगितला तो उन्मादाच्या अवघ्या दहा रुग्णांवरून, आणि औषध आधी स्वतः घेऊन पाहिलं होतं. ‘एन फक्त दहा?’ असं मीच पहिल्यांदा विचारलं असतं, याची मला खात्री आहे.

मांडणी संपली की विभागप्रमुख म्हणतात, ‘‘काही प्रश्न?’’ मग जी शांतता पसरते तिला तोड नाही. शल्यचिकित्सेच्या विभागात असा प्रश्न पुरता उच्चारण्याआधीच दोघं भांडायला लागतात. इथे जमलेल्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं एकच विद्या शिकवलेली : आपण गप्प राहायचं, समोरचा आपणहून बोलेल. खोलीत सगळेच तानपुरे घेऊन बसलेले, गाणारं कोणी नाही. समोसे निवत जातात. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो मायाळू, किंचित वाकलेला भाव असतो, आणि तो पाहून मलाच काहीतरी कबूल करून टाकावंसं वाटू लागतं.

यंदाचा एक प्रबंध नैराश्यावर होता, आणि मोजायला मॅक्स हॅमिल्टन यांची १९६०ची प्रश्नावली. सतरा मुद्दे. त्यांत उदास मनःस्थितीला एक, आणि झोपेला तीन : सुरुवातीला लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे फार लवकर जाग येते. रात्रीचे असे प्रहर पाडणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. तो कधीतरी जागला असणार. पण मी रेंगाळतो ते सतराव्या मुद्द्यापाशी. आपण खिन्न आहोत, आजारी आहोत हे रुग्णाने मान्य केलं तर शून्य. दुखणं मान्य, पण खापर खाण्यापिण्यावर, हवेवर किंवा अतिकामावर फोडलं तर एक. मला काहीसुद्धा झालेलं नाही, म्हटलं तर दोन! म्हणजे नाकारावं तसे गुण वाढतात. परीक्षेतल्या गुणांसाठी जन्मभर झुरलेल्या आपल्या समाजाला या गुणांची काय धास्ती वाटणार.

माझी मावशी माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असायची. घरात त्याला एकच कारण होतं : तिला इथली हवा मानवत नाही. हवा पालटायला तिला कोकणात धाडलं, मग नाशकाला, मग परत. हॅमिल्टनच्या हिशेबात तिला एक गुण, आणि आम्हा घरच्यांना, कोणी विचारलंच असतं तर, प्रत्येकी दोन.

नैराश्याच्या त्या प्रबंधाच्या दिवशी रेसिडेंटच्या शेवटच्या तक्त्यात एक रकाना होता : ‘लॉस्ट टू फॉलोअप’, म्हणजे पुढे तपासणीला न आलेले. मी सवयीने आकडा टिपला. तो वजा करून पुढे जायचं, एवढंच माझं शास्त्र. विभागप्रमुख सर मात्र थबकले. ‘‘हे गेले कुठे?’’

मुलीने कागद बाजूला ठेवला आणि तोंडपाठ सांगू लागली. एक काका ऊसतोडीला गेले. एका ताईंचं लग्न ठरलं, सासरी कळू द्यायचं नाही. एक आजोबा, त्यांना आणायला नातू मोकळा नसतो.

‘‘आजोबांना फोन केलास?’’

‘‘केला, सर. मी प्रश्न सुरू करायच्या आधीच म्हणाले, मी बरा आहे, पण पोरी, तुझाच आवाज असा का येतोय? झोप होत नाही का?’’

सरांनी चष्मा काढला. ‘‘कुठली? सुरुवातीची, मधली की पहाटेची?’’

‘‘तिन्ही,’’ ती म्हणाली.