इंजीन बदललं, रूळ तेच

आमच्या लॅपटॉपचं बटण दाबलं की मी गॅसवर चहाचं आधण ठेवतो. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, ‘कप कुठे ठेवला?’ असं बायको आतून विचारते, आणि तेव्हा कुठे पडद्यावरचं ते गरगर फिरणारं वर्तुळ दमून थांबतं. २०१७ सालची ही खरेदी. चार जीबी रॅम आणि एक टीबीची हार्डडिस्क. ‘आयुष्यभर पुरेल,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. तो खोटं बोलला नाही. डिस्क अजून निम्मीही भरलेली नाही. संपत आलंय ते आमचं आयुष्य.

सल्ल्यांना तोटा नव्हता. हिंजवडीतला पुतण्या फोनवर म्हणाला, ‘काका, बत्तीस जीबी रॅम टाका, पुढचं टेन्शनच नको.’ मी दिवसभरात एक सदर टंकतो आणि विजेचं बिल भरतो. दोन एकर कोरडवाहूवाल्याला साठ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुचवावा, त्यातला हा प्रकार. शेजाऱ्यांनी लॅपटॉपखाली ठेवायचा, निळे दिवे लागणारा पंख्याचा पाट घ्यायला सांगितलं. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, झूल चढवतो, पण दुसऱ्या दिवशी त्या रंगाच्या भरवशावर वखर हाकत नाही, एवढं तरी शेजाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं.

शेवटी यवतमाळच्या दत्त चौकाजवळच्या एका बोळीतल्या दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. मी प्रोसेसर बदलायचा विषय काढला. त्याने आधी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर नऊ टक्के, डिस्क शंभर टक्के.

‘पाहा काका, प्रोसेसर तं बसून रायला. डिस्कच काही देऊन नाई रायली त्याले. अन् तो तं बोर्डावर झाळेल असते, बदलत नाई.’

मला एकदम आमची शकुंतला रेल्वे आठवली. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजीन १९२३ पासून यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर धावलं. १५ एप्रिल १९९४ ला ते उतरवून डिझेलचं जोडलं. अपग्रेड झालं म्हणून आम्ही खूश. रूळ मात्र किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या जमान्यातलेच. इंजिनात कितीही दम असो, रूळ म्हणतील तेवढंच पळायचं. आता ती गाडीही नाही. यवतमाळवरून जाणाऱ्या नव्या वर्धा-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, म्हणजे रूळ बदलायचं कोणाला तरी सुचलं. इंजीन बदलल्यानंतर तीस वर्षांनी.

आमच्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावरचा काटा विखुरलेली माहिती गोळा करत हिंडतो, सेकंदाला फार तर शंभरेक ठिकाणी. एसएसडीत काटाच नाही, ती हजारो ठिकाणांहून एका दमात उचलते. साधी साटा एसएसडी हे पहिलं खरं अपग्रेड. त्यापुढची एनव्हीएमई डब्यावर सहा-सात पट वेगाचा आकडा दाखवते. मोठमोठ्या चित्रफिती हलवणाऱ्याला तो आकडा दिसतो. वर्डची फाइल उघडणाऱ्याला दिसत नाही. ‘पण ही पुढच्या पिढीची आहे,’ असं म्हटलं की आपल्याकडे पाकीट आपोआप उघडतं. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दुसऱ्या पिढीचा बोलगार्ड आला, आम्ही दोन्ही वेळा पाकीट उघडलं. मग गुलाबी बोंडअळीने स्वतःचं अपग्रेड केलं, तेही फुकटात.

पिढीवरून आठवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अकरावर जायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा सातव्या पिढीचा. जातपडताळणीवाले पणजोबाच्या दाखल्यावर समाधान मानतात, पण मायक्रोसॉफ्टचं तेवढ्यावर भागत नाही. त्यावर वर्षभराची मुदतवाढ मिळाली, ती आपण कर्जाच्या पुनर्गठनासारखी घ्यायची आणि पुढचं पुढे.

रॅमचं बोलायचं तर चार जीबीत ब्राउझरची आठ-दहा पानं उघडली की मशीन डिस्ककडे उसनवारी सुरू करतं, आणि सावकार आधीच शंभर टक्के गुंतलेला. म्हणून चाराची आठ करायची, बत्तीस नाही. पण मुहूर्त चुकला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला एवढी मागणी लावली की २०२५ च्या अखेरीस तिचे भाव भडकले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढून टाकलं. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७७१० रुपये होता, तो कागदावर. जागतिक बाजाराशी यवतमाळचं नातं फार सरळ आहे. आम्ही विकत घेतो ते चढतं, विकतो ते उतरतं.

पुतण्याला उलट फोन करून एक गोष्ट मात्र मी सांगितली, कारण तो नवा, पापडासारखा पातळ लॅपटॉप घ्यायला निघालाय. तसल्या मशिनीत बरेचदा रॅम बोर्डावरच झाळलेली असते. विहिरीचा घेर खोदतानाच ठरवावा लागतो, मोटर मागाहून बदलता येते. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स हा तुझा घेर. एसएसडी बहुधा नंतर वाढते, बॅटरी तर चारपाच वर्षांत बदलावीच लागते. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही केव्हापासून हे बोलायला लागले?’ त्या बोळीत बसून पाऊण तास झाला होता, एवढंच मी सांगितलं नाही.

खरी गंमत पोराने मागचं झाकण काढलं तेव्हा झाली. मे महिन्यात आमच्या खोलीत मशीन भट्टीसारखं तापतं, ते मी उन्हाच्या खात्यावर टाकत आलो होतो. ऊन होतंच. पण पंख्याच्या जाळीत रुईचा बोळा घट्ट बसला होता. आमचं घर जिनिंगच्या वाऱ्यावर. आठ मोसमांचा कापूस लॅपटॉपने श्वासागणिक ओढून घेतला होता. पोराने तो चिमट्याने काढला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली.

‘हे अपग्रेड कितीचं?’

‘सफाईचे काहून घेऊ काका? एसएसडीचे अन् रॅमचे द्या फक्त.’

सगळ्या सल्लागारांपैकी एकानेही ब्रश सुचवला नव्हता.

तो बोळा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. चांगली फुलवात वळता आली असती. मी विचारलं, हमीभावाने कापूस घेणारे सीसीआयवाले घेतील का? त्याने बोटांत चुरगाळून पाहिला, अगदी ग्रेडरसारखा.

‘ओलावा बाराच्या आत हाय. पण सरकी कुठी हाय याच्यात? अन् आंधी ॲपवर नोंदणी करा लागते.’

मी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि सवयीने चहाच्या टपरीकडे वळलो. टपरीपर्यंत पोचायच्या आत त्याने हाक मारली.