गाडी माझी, फियाट सगळ्यांची

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला आपल्या गाडीविषयी भरपूर बोलायला मिळत असेल, अशी लोकांची समजूत असते. ती खोटी आहे. बोलायला मिळतं ते नव्या गाडीच्या मालकाला. सनरूफ, कॅमेरा, मायलेज, हप्ता, काय वाटेल ते तो बोलतो आणि पेढा हातात पडेपर्यंत समोरचा ऐकून घेतो. माझ्याकडे 1973 सालची फियाट आहे आणि तिच्याबद्दलची माझी सलग दोन वाक्यं आजवर कुणी पुरी होऊ दिलेली नाहीत. "ही त्र्याहत्तरची..." एवढं मी म्हणतो, तोवर समोरच्याची नजर लांब कुठेतरी लागते आणि तो म्हणतो, "आमच्या मामांची होती. सेम हाच कलर."

कलर सेम नसतो. माझी गाडी फिकट निळी आहे आणि मामांची बहुतेक पांढरी असणार. पण मामाही नाहीत आणि त्यांची गाडीही नाही, तेव्हा वाद घालायचा कुणाशी?

ताराराणी चौकात सिग्नलला थांबलो की शेजारचा मोटारसायकलवाला हेल्मेटसकट डोकं खिडकीतून आत घालतो. "गिअर हँडललाच न्हवं?" मी हो म्हणायच्या आत तो सुरू होतो. "आमच्या आबांची हुती की! कारखान्याचं बिल आलं आन् घेटली. आज्जी पुढं बसायची, आमी समदी मागं." मागच्या गाड्या हॉर्न मारत असतात, सिग्नल हिरव्याचा पुन्हा लाल होतो, पण आबांची गोष्ट अजून पंचगंगेच्या पुलावरच असते. पेट्रोल पंपावरचा पोरगा नळी हातात धरून विचारतो, "काका, विकायची हाय?" मी नाही म्हणतो. "नगाच विकू," तो बजावतो. गाडी घरी ठेवायची परवानगी मला अशी अधूनमधून मिळत असते.

ज्यांच्याकडून मी ती घेतली त्या इचलकरंजीच्या गृहस्थांनी तर नुसती गाडी विकली आहे, मालकी सोडलेली नाही. "ऑइल बदललं का?" म्हणून त्यांचा फोन येतो. पाऊस लागला की येतो, थंडी पडली की येतो. एकदा त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी मला आमंत्रण दिलं ते असं: "तुम्ही जमलं तर या. गाडी मात्र सकाळी आठला पाठवा." मी गेलो. ड्रायव्हर म्हणून जेवायला पंगतीतही बसवलं, आग्रहानं.

कागदोपत्री ही गाडी फियाट नाहीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या तयार होऊ लागल्या. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. 1972 मध्ये तिचं बारसं प्रीमियर प्रेसिडेंट असं झालं आणि 1974 मध्ये पुन्हा प्रीमियर पद्मिनी असं. माझी मधल्या काळातली, म्हणून आरसी बुकात ती प्रेसिडेंट आहे. कोल्हापुरात तिला या हुद्द्यानं एकाही माणसानं हाक मारलेली नाही. लोकांनी एकदा फियाट म्हटलं की फियाट. तिच्या आधीच्या, नाक पुढे काढलेल्या मॉडेलला तर लोकांनी सरळ डुक्कर फियाट करून टाकलं होतं आणि ज्यांच्या दारात ती होती तेही छाती काढून "आमची डुक्कर" म्हणायचे.

लोकांचा हा हक्क आला कुठून, याचा मी बोनेट उघडून बसल्या बसल्या पुष्कळ विचार केला आहे. त्या काळी मोटार घ्यायची म्हणजे अँबेसिडर, फियाट किंवा स्टँडर्ड, एवढंच ताट होतं. त्यातही पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. गाडी येईपर्यंत ती घ्यायची हौस फिटलेली असायची आणि जबाबदारी तेवढी उरायची. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले त्या 1964 सालातच त्यांच्या घरी फियाट आली. किंमत 12,000 रुपये, हातात 7,000. उरलेल्या 5,000 साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं आणि त्यांच्या मागे ते त्यांच्या पत्नी ललिताजींनी पेन्शनमधून फेडलं. देशाच्या पंतप्रधानाची ही गत, तर आमच्या पेठेतल्या वकिलांची किंवा डॉक्टरांची काय कथा? गल्लीत एकाच्या दारात गाडी यायची आणि मग ती त्याची राहायची नाही. बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर फियाट, नवरी पाठवायची तर फियाट, पाहुणा स्टँडवरून आणायचा तर फियाट. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं सहज मावायचे. मागे किती मावायचे याला नियम नव्हता. असे सगळे मिळून जोतिबाला जायचे. आज एकेका फियाटला निदान एक अख्खी गल्ली वारस लागते, ती अशी. आणि वारसांपैकी बाकी सगळ्यांच्या वाट्याला आठवणी आल्या आहेत, माझ्या वाट्याला क्लचप्लेट.

या वारसांत सगळ्यांत मोठा हिस्सा मिस्त्रींचा. त्यांचं गॅरेज उद्यमनगरात आहे. हा भाग म्हणजे जुन्या गाडीवाल्यांचं माहेर. इथे भट्ट्या आहेत, लेथ आहेत आणि "मिळत नाही? मग करू की" म्हणणारी माणसं आहेत. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या सांध्यांतली बुशं झिजली की दांडा मन मानेल तिथे जातो. आपण दुसरा टाकला असं समजतो आणि गाडीचं मत वेगळं पडतं. नवी बुशं बाजारात कुठून मिळणार? मिस्त्री जुनं बुश खिशात टाकून पलीकडच्या लेथवर जातात, चहा पिऊन येतात, तोवर पितळेचं नवं बुश तयार. वर लेथवाला पैसे घेताना सांगतो, "आमच्या चुलत्याची हुती, साहेब. म्हणून कमी लावलं."

गाडी नीट चालू होईना म्हणून एकदा मिस्त्रींकडे नेली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतले पॉइंट नखानं उघडून उन्हाकडे तोंड करून पाहिले. दोन्ही टोकं काळी पडली होती. बारीक काचकागदाची पट्टी दोन टोकांच्या मधे घालून त्यांनी हलक्या हातानं ओढली, फुंकर मारली, पुन्हा पाहिलं. आता मधली फट बसवायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि ती मोजायला फीलर गेज नावाचं पात्यांचं साधन मिळतं. मिस्त्रींकडे ते आहे, कपाटात, मूळ वेष्टनासह. फट ते सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यानं बसवतात, आणि पुठ्ठा एकाच ब्रँडचा लागतो. मिस्त्री स्वतः सिगारेट ओढत नाहीत. पानपट्टीवाला त्यांच्यासाठी रिकामी पाकिटं बाजूला काढून ठेवतो. पुठ्ठा मधे सरकला, स्क्रू आवळला, टोपी बसली. "मारा सेल." मी चोक ओढून सेल मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात बोलली. मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"टॅपेट वाजतोय. तुम्ही वाघबीळच्या चढाला तिसऱ्यावर रेटलासा तिला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझी गाडी हाय, साहेब. मला कळंल न्हाईतर कुणाला?"

त्या दिवशी बिल देताना, त्यांच्या गाडीचं बिल मी का देतोय, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

वाघबीळ हा पन्हाळ्याच्या वाटेवरचा चढ, आणि माझ्या गाडीचं आवडतं विश्रांतिस्थान. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप वाफ ढकलत बसतो, कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही आणि गाडी दोन आचके देऊन गप्प होते. उपाय सोपा आहे. पंपावर ओला फडका टाकायचा आणि रस्त्याच्या कडेला सावली बघायची. पण हा उपाय मला स्वतःच्या हातानं करायला मिळत नाही. फडका भिजवायला बाटली काढतो न काढतो तोच एक मोठी चकचकीत गाडी करकचून थांबते. तिच्यातून पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उतरतात. त्यांच्यामागे मुलगा, सून, नातवंडं. "सरका," आजोबा मला म्हणतात. फडका माझ्या हातून घेऊन ते पंपावर नेमका बसवतात आणि नातवंडांना गोळा करून शिकवणी सुरू करतात. "हे कार्बुरेटर. हा पंप. आमची गाडी बरोबर इथंच थांबायची." सून दाराची छोटी त्रिकोणी काच फिरवून बघते. "बाबा, ह्यातनं वारा येतो?" "एसीपेक्षा भारी," आजोबा ठणकावून सांगतात. मग गाडीसमोर सगळ्यांचा फोटो निघतो. त्यात मी नसतो. फोटो मी काढतो.

गाडी सुरू झाल्यावर ते मला हात करतात आणि निघून जातात. त्यांची गाडी वर पोचलेली असते, मी अजून वळणावर असतो. तरी त्यांचा पन्हाळा फियाटमधून झालेला असतो आणि माझा फडक्यामागून.

विंटेज गाड्यांच्या रॅलीतही हाच अनुभव. तिथे आमच्या गाडीला जागा मिळते ती पार्किंगला चिकटून. मधोमध रोल्स-रॉइस, ब्यूक, पितळेच्या दिव्यांच्या, पायऱ्या असलेल्या राजेशाही गाड्या, आणि भोवती दोर. त्यांचे मालक इंजिनाचा नंबर, आतल्या कातड्याचा मूळ रंग, स्क्रू कोणत्या देशातला, यावर तासभर बोलतात आणि लोक हात मागे बांधून ऐकतात. माझ्या गाडीपाशी मात्र कुणी थांबून ऐकत नाही, दार उघडून आत जाऊन बसतात. बायका मागच्या सीटवर ऐसपैस बसून पिशव्या खाली ठेवतात. एक बाई तर आत बसल्या बसल्या डोळे पुसू लागल्या आणि त्यांच्या यजमानांनी मला खुणेनं थोडं लांब जायला सांगितलं. राजांच्या गाड्यांचं ठीक आहे. रोल्स-रॉइस कुणाच्या मामांची नव्हती.

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती 29 ऑक्टोबर 2003 ला, म्हणजे हिशेब सरळ होता. तरी त्या दिवशी सकाळपासून मला सांत्वनाचे फोन. दादरहून मेहुण्याचा, ठाण्याहून चुलतबहिणीचा. "वाईट वाटलं रे," बहीण म्हणाली, आणि तिला पहिल्या नोकरीच्या दिवशी टॅक्सीवाल्यानं कसं वेळेत पोचवलं ते सगळं सांगितलं. "तुझी कशी आहे?" हा प्रश्न फोन ठेवताना आला. मी "बरी आहे" म्हणालो, पण तोवर तिनं ठेवला होता. मिस्त्री तेवढे त्या दिवशी आनंदात होते. "आता कुर्ल्याच्या भंगारात माल येईल," ते म्हणाले. कुर्ल्यात जन्मलेली गाडी मोडायलाही कुर्ल्यातच जाते, आणि तिथून तिचं एखादं हेडलाइटचं कडं माझ्या दारी पुनर्जन्म घेतं.

परवा गाडीची पन्नाशी उलटल्याचं लक्षात आलं आणि घरात बैठक बसली. केंद्र सरकारनं 2021 मध्ये नियम केला आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हे ऐकून इचलकरंजीच्या गृहस्थांनी फोनवर सुटकेचा श्वास सोडला, कारण तो नंबर त्यांच्या लग्नाच्या तारखेचा होता. अट एकच, गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते.

मी वाचून दाखवलं. बायकोनं चष्मा लावून कागद स्वतः एकदा वाचला.

"अहो, पण हे तर तुम्ही आजही पाळताय," ती म्हणाली. "पेट्रोल भरायला जाता आणि दुरुस्तीला जाता. दोन्हींच्या मधे कधी कुठं गेलाय?"

सगळे हसले. मिस्त्री म्हणाले नोंदवायचीच, लेथवाला म्हणाला नोंदवायचीच, इचलकरंजीहून स्पीकरवर "नोंदवा, नोंदवा" असं आलं. शेजारचे काका आपल्या फियाटचं विंटेज होतंय म्हणून भरून पावले. अर्जावर मालकाचं नाव कुणाचं लिहायचं, असं मी सहज विचारलं. शुल्काचा आकडा त्याच पानावर छापलेला होता. फियाटला मालक आहे आणि तो मीच आहे, यावर त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं.