दोष बहुधा पिपचा नाही

पायथनची पॅकेजं बसवणारा पिप स्वभावाने फार सावध. पडद्यावर लाल अक्षरांचं महाभारत ओतून झालं की शेवटी तो एक टीप जोडतो : ही चूक दुसऱ्या प्रक्रियेतून आली आहे, दोष बहुधा पिपचा नाही. पंचनामा सुरू व्हायच्या आत इतक्या सभ्यपणे हात झटकणं सगळ्यांना जमत नाही.

माझी भाची जीवशास्त्राची. तिला एक आलेख काढायचा होता.

"मामा, सगळं लाल झालंय."

"काय लिहिलंय?"

"एरर लिहिलीय."

"तिच्या वर?"

"वर खूप आहे रे!"

गोम त्या 'खूप'मध्येच असते. शेवटच्या ओळीत नुसता निकाल. कारण वर कुठेतरी मधोमध पुरलेलं. करारनाम्याची कलमं चष्मा लावून वाचणारी माणसंसुद्धा इथे वर सरकायला तयार नसतात. भाचीला सरकवलं तेव्हा कळलं, तिचा पायथन अगदी कोरा, ताजा. दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते आणि उत्साही मंडळी ती त्याच आठवड्यात घेतात. पण ज्या पॅकेजांच्या पोटात सी भाषा असते, त्यांचे तयार गठ्ठे नव्या आवृत्तीसाठी लगेच निघतातच असं नाही. मग पिप कच्चा माल उतरवतो आणि म्हणतो, सी-कंपायलर आणा, इथेच घडवू. आलेख राहिला बाजूला.

नावांचा घोळ निराळा. प्रोग्रॅममध्ये 'सीव्ही२' लिहायचं, मागवताना मात्र 'ओपनसीव्ही-पायथन' म्हणायचं. चित्रांसाठीची 'पिल' लायब्ररी कधीच थंडावली. तिचा वारस 'पिलो' मागवायचा आणि आत हाक मात्र दिवंगताच्याच नावाने मारायची. अंदाजाने नाव ठोकणंही धोक्याचं, कारण थोड्या चुकीच्या स्पेलिंगची विषारी पॅकेजं मुद्दाम मांडून बसलेले लबाड पायपीआयवर, म्हणजे पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, सापडलेले आहेत.

आणि एक पॅकेज एकटं कधी येतं? लग्नातल्या पाहुण्यासारखं ते गोतावळा घेऊन येतं, आणि त्यात रुसवेफुगवे. एकाला नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजाची आवृत्ती दोनच्या आतली हवी, दुसऱ्याला दोनच्या पुढचीच. पूर्वी पिप आधी आलेल्याचं ऐकून पुढे जायचा. भांडण नंतर मांडवात व्हायचं. २०२० च्या अखेरीस त्याला नवा मध्यस्थ मिळाला. तो कुणाला दुखवत नाही. जुनी, त्याहून जुनी, त्याच्याही आधीची आवृत्ती उतरवून पाहतो आणि कळवतो की याला वेळ लागू शकतो. इतकं खरं बोलणारं सॉफ्टवेअर विरळा.

माझा सगळ्यात लाडका प्रकार मात्र वेगळा. पिप म्हणतो, पॅकेज आधीपासूनच आहे. पायथन म्हणतो, असलं काही इथे नाही. दोघेही खरं बोलतात, कारण संगणकात पायथन दोन आणि पिप दुसऱ्याच्या घरी सामान टाकून आलेला असतो. त्यावर 'पायथन डॅश एम पिप' असं म्हणावं, म्हणजे ज्याचं सामान त्याच्याच घरी पडतं.

डेबियन या लिनक्सच्या अवताराने तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला मज्जाव केला. कामापुरतं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, असं नकाराच्या संदेशातच सुचवलेलं असतं. तरीही हट्ट असेल तर एक स्विच ठेवला आहे, 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' नावाचा. याहून ढळढळीत ताकीद कोण देणार? लोकांनी तो स्विच पाठ केला आहे.