चार दांड्या, शून्य नेट

जव्हारचा पाऊस. वायफायच्या चारही दांड्या भरलेल्या, पण पान काही उघडत नाही. नेट कंपनीची फोनवरची मुलगी म्हणते, "सर, राउटर बंद करून चालू करा." अहो ताई, ते काम आमची वीज दिवसातून सहादा फुकटात करते! शेवटी मीच खिडकीतल्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, पिंग मारला. उत्तर दोन मिलिसेकंदांत. म्हणजे टेबल ते खिडकी, एवढं नेट ठणठणीत. दांड्या तेवढ्याच अंतराच्या असतात. फायबरच्या डबीवर मात्र एलओएसचा लाल दिवा, म्हणजे तारेतून उजेडच येत नाही. मोखाड्याच्या वाटेवर झाड पडलं की जेसीबीने केबल उपटली, देव जाणे. संगणकाने मात्र इमानेइतबारे तपासणी करून सुचवलं: अधिक मदतीसाठी ऑनलाइन जा.